काकूंच्या नावाचा मासा

कर्णिक सरांनी मला पहिल्यांदा पाहिलं तेव्हा नाव विचारलं नाही. चष्मा कपाळावर चढवला, मला नीट न्याहाळलं आणि म्हणाले, "कुठली? कुणी आणली?"

"पुण्याची," मी म्हटलं. "शेजारच्या लॅबमध्ये पोस्टडॉक म्हणून आलेय. कुणी आणली नाही, मीच आले."

"स्वतः चालत आलेला नमुना," सर म्हणाले. "आमच्याकडे असं होत नाही. बस."

यात चेष्टा नव्हती. सरांच्या खोलीत या भिंतीपासून त्या भिंतीपर्यंत काचेच्या बाटल्या होत्या. बाटलीत अल्कोहोल, अल्कोहोलात मासा, आणि माशाशेजारी पेन्सिलीने लिहिलेली चिठ्ठी: कुठला, कुणी आणला. या दोन गोष्टी ज्याच्याबद्दल ठाऊक नाहीत तो मासा सरांच्या लेखी फुकट गेला. माणसांनाही ते हाच नियम लावायचे. जपानमधल्या त्सुकुबात नव्याने आलेला एकही मराठी माणूस या प्रश्नांतून सुटला नाही. एका सॉफ्टवेअरवाल्याच्या नव्या नवरीला त्यांनी गणपतीच्या आरतीनंतर "कुणी आणली?" असं विचारलं, तेव्हा ती बिचारी नवऱ्याकडे बघायला लागली.

सर ठाण्याचे, सीकेपी. मासे खायचे आणि मासेच ओळखायचे, पण ही दोन खाती त्यांनी कधी एकत्र केली नाहीत. "खायचा मासा समुद्रातला, बघायचा मासा नदीतला," असं ते म्हणत. बघायचा मासा म्हणजे दक्षिण अमेरिकेतल्या नद्यांमधला एक चिलखती मासा. आपल्या शिंगाळ्याचा लांबचा भाऊबंद. त्याच्या अंगावर खवले नसतात, हाडांच्या पट्ट्या असतात, एकीवर एक चढवलेल्या, कौलारू छपरासारख्या. सर त्यांना कौलंच म्हणायचे. तोंड खालच्या बाजूला. त्या तोंडाने दगडाला किंवा काचेला चिकटायचं आणि दिवसभर शेवाळ खरवडायचं, एवढाच त्याचा कार्यक्रम. जपानमध्ये शोभेचे मासे पाळणाऱ्यांचा या ध्यानावर भारी जीव. याच्या जाती भरमसाट आहेत आणि अजून नव्या सापडतात. सापडल्या की कुणीतरी कौलं मोजायची, काटे मोजायचे, मोजपट्टी लावायची आणि सांगायचं की ही जात खरोखर नवी आहे की जुनीच नवे कपडे घालून आली आहे. हे कुणीतरी म्हणजे सर.

ब्राझीलला ते जन्मात गेले नव्हते. मासे त्यांच्याकडे यायचे. तोक्योत, कोतो भागात, ओकाबे-सान नावाच्या गृहस्थांचं शोभेच्या माशांचं दुकान होतं. तिकडून आलेल्या मालात काही वेगळं दिसलं की ओकाबे-सान आधी सरांना फोन करायचे. मग सर प्लास्टिकचा डबा घेऊन रेल्वेने जायचे आणि मांडीवर डबा धरून परत यायचे. गर्दी असली की शेजारचे लोक थोडे सरकून बसत. सर त्याला जपानी शिष्टाचार म्हणायचे. मला वाटतं वासामुळे असावं.

त्यांच्याबरोबर सुपरमार्केटमध्ये जाणं ही शिक्षा होती. माशांच्या प्रत्येक ट्रेवर चष्मा नेऊन ते प्लास्टिकच्या आतले पंख तपासायचे. एकदा एका ट्रेवर नाव एका माशाचं होतं आणि आत त्याचा चुलतभाऊ निघाला. सरांनी तिथल्या मुलीला बोलावून शांतपणे ते दाखवलं. ती कमरेत वाकली. मग मॅनेजर आला, तो वाकला. सर वाकले, म्हणून तो परत वाकला. माझ्या पिशवीतलं आइस्क्रीम वितळेपर्यंत हा कार्यक्रम चालला. शेवटी मॅनेजरने दुसरा ट्रे आणून हातात दिला, तर सर म्हणाले, "नको, मला हाच हवा होता. मासा चांगला आहे. नाव तेवढं चुकलंय."

कोंबिनीतल्या, म्हणजे चोवीस तास उघड्या असणाऱ्या छोट्या दुकानातल्या, भाताच्या त्रिकोणी ओनिगिरीचीही तीच कथा. आत कुठला मासा आहे ते ओनिगिरी फोडून बघितल्याशिवाय घास तोंडात जायचा नाही. वेष्टनावर लिहिलेलं असतं असं मी एकदा सांगून पाहिलं. "लिहिणाऱ्याने पाहिलंय का?" सरांनी विचारलं.

विद्यार्थ्यांना पहिल्या तासाला ते एकच वाक्य शिकवायचे आणि परीक्षेपर्यंत तेच घोटून घ्यायचे: आधी नर की मादी ते बघा. या माशांमध्ये नर एक दिसतो आणि मादी दुसरीच. नराला मिशा, काटे, रंग, मादी मातकट. पूर्वी मोठमोठ्या लोकांनी नराला एक नाव दिलं, मादीला दुसरं, आणि एका संसाराच्या दोन जाती करून ठेवल्या. सर अशी उदाहरणं सांगताना कधी हसत नसत. शेजारच्या घरात चोरी झाल्याची बातमी सांगावी तशा आवाजात सांगत.

आता काकूंविषयी सांगायला हवं, कारण मासा त्यांचा होता.

शैलजाकाकू ठाण्याच्या एका शाळेत गणित शिकवायच्या. सरांना त्सुकुबात नोकरी लागली तेव्हा दोन वर्षांसाठी म्हणून त्या आल्या. त्सुकुबा म्हणजे आखणी करून बसवलेलं विज्ञाननगर. रुंद रस्ते, सरळ झाडं, संस्थांच्या मागे संस्था. रस्त्यावर भांडण नाही, की दारात भाजीवाला नाही. "दिवसभर फ्रीज तेवढा माझ्याशी बोलतो," काकू म्हणायच्या. दोनाची दहा वर्षं झाली. रविवारी त्या मराठी मुलांना पाढे शिकवायच्या, मुलं "बे त्रिक?" ला जपानीत उत्तर द्यायची, आणि उत्तर बरोबर असल्यामुळे काकूंना ओरडताही यायचं नाही. २०११च्या मोठ्या भूकंपाच्या आदल्या वर्षी त्यांनी शांतपणे जाहीर केलं की आता पुरे, मी ठाण्याला चालले.

सरांना समजूत घालणं येत नव्हतं. त्यांना जे येत होतं ते त्यांनी केलं. ओकाबे-सानकडून आलेल्या एका पिशवीत देखणे मासे होते, नाकावर भरघोस मिशा, शेपटीला नारिंगी किनार. एका जुन्या, मातकट जातीशी जवळचे, पण तिला ना मिशा, ना किनार. सरांनी मोजमापं घेतली, निबंध लिहिला, छापला, आणि नव्या जातीला काकूंचं नाव दिलं: शैलजाए. त्याच्या आधी येणारं वंशाचं नाव घ्यायला जीभ वळवावी लागते, म्हणून सोडते. त्यांनी तो छापील निबंध काकूंच्या उघड्या बॅगेवर, घडी केलेल्या साड्यांवर ठेवला.

काकूंनी फोटो पाहिला. "याला मिशा आहेत," त्या म्हणाल्या.

"त्या मिशा नाहीत. त्वचेची वाढ आहे."

"बरं," काकू म्हणाल्या, आणि बॅगेतल्या साड्या परत कपाटात गेल्या. हे मला काकूंनीच सांगितलं. "कुणी बायकोला पैठणी घेतं," त्या म्हणाल्या. "आमच्या ह्यांनी मासा घेतला. पण जगाच्या अंतापर्यंत नाव राहणार म्हणाले. पैठणी विरते गं."

मग भूकंप झाला. मी तेव्हा पुण्यात होते, हेही ऐकलेलंच. सरांच्या खोलीतल्या बाटल्या फळ्यांवरून खाली आल्या. फरशीभर काचा, अल्कोहोल आणि मासे. त्या आठवड्यात अणुभट्टीच्या भीतीने पोराबाळांची मराठी घरं मिळेल त्या विमानाने परत निघाली. काकूंच्या ठाण्यातल्या मुलाने त्यांच्यासाठीही तिकीट काढलं होतं. काकू सरांबरोबर लॅबमध्ये गेल्या, तर शैलजाएचा मुख्य नमुना, म्हणजे ज्या एका माशावरून अख्खी जात ठरते तो, टेबलाखाली पडलेला. सुकला तर संपलं. बाटल्या फुटलेल्या, दुकानं रिकामी. काकू घरी आल्या, ठाण्याहून आणलेलं कैरीचं लोणचं पातेल्यात काढलं, बरणी धुतली आणि घेऊन गेल्या. मुलाला फोनवर सांगितलं, "माझ्या नावाचा मासा जमिनीवर पडलाय आणि मी येऊ कुठे?"

मी गेले तेव्हा तो मासा त्या बरणीतच होता. सगळ्या फळ्यांना आता आडव्या पट्ट्या बसवलेल्या होत्या, नव्या बाटल्या होत्या, पण ही एक लोणच्याची बरणी मधोमध. झाकण उघडलं की अल्कोहोलातून हिंगाचा वास यायचा. जर्मनीहून आलेल्या एका पाहुण्या शास्त्रज्ञाने नाक पुढे नेऊन हे कुठलं रसायन म्हणून विचारलं. सर म्हणाले, "घरगुती आहे."

घरच्या टाकीत त्याच जातीचे जिवंत मासेही होते. त्यातल्या सर्वांत मोठ्या, मिशाळ माशाला काकू "धाकटी" म्हणायच्या. रोज काकडीची चकती काट्याला टोचून तिला द्यायच्या आणि मला खबर द्यायच्या. "धाकटी रुसली आहे." "धाकटीने आज साल पण सोडलं नाही."

गडबड झाली ती ओकाबे-सानच्या पुढच्या एका पिशवीने. तिकडे नदीवर मासे धरणारा माणूस बदलला होता, आणि नव्या माणसाने निवड न करता जाळ्यात आलं ते सगळं भरून पाठवलं. ओकाबे-सानना इतकं वाईट वाटलं की पिशवीबरोबर त्यांनी माफीचा मिठाईचा खोकाही दिला. पिशवीत मिशाळ मासे होते आणि त्यांच्याबरोबर ते मातकटही, जुन्या जातीचे. लॅबच्या टाकीत जागा नव्हती. सरांनी मातकट मासे घरी आणून धाकटीच्या टाकीत सोडले. मिठाई आम्ही खाल्ली.

काही महिन्यांनी काकूंचा फोन आला. "धाकटी जेवत नाही गं. कुंडीच्या तुकड्याखाली जाऊन बसलीय. बाहेरच येत नाही."

मी गेले तेव्हा सर जमिनीवर पालथे पडून टॉर्चने टाकीत बघत होते. कुंडीच्या तुकड्याखाली नारिंगी अंड्यांचा घोस होता आणि धाकटी त्यावर बसून पंखांनी वारा घालत होती. या माशांमध्ये आई अंडी घालते आणि निघून जाते. राखण बाप करतो, आणि पिल्लं बाहेर पडेपर्यंत बहुतेक उपाशीच राहतो. आणि टाकीतली एकुलती एक रिकाम्या पोटाची, नुकतीच मोकळी झालेली मादी समोर काचेला चिकटून निवांत शेवाळ खात होती. ती मातकट होती.

"अय्या, धाकटी बाप झाली?" काकू म्हणाल्या आणि पदर तोंडाला लावून हसत सुटल्या.

सर हसले नाहीत. टॉर्च बंद करून ते तसेच पडून राहिले.

टाकीत कोंडलं की वेगळ्या जातींचाही संकर होतो. त्या आशेवर त्यांनी पुढचं वर्षभर काढलं. पिल्लं वाढली. मुलींना मिशा नाहीत, किनार नाही, सगळ्या आईसारख्या मातकट. मुलगे सगळे धाकटीसारखे. मधलं, धेडगुजरी असं एकही नाही. मग सरांनी बाटल्यांतले जुने नमुने काढले. मोलाचे म्हणून तेव्हा त्यांनी एकाचंही पोट उघडलं नव्हतं. आता प्रत्येकाला लहानसा छेद दिला. सगळे नर. काकूंच्या बरणीतलाही नर. तिकडचा तो जुना माणूस देखणे तेवढे निवडून पाठवायचा आणि साध्या दिसणाऱ्या माद्या नदीत परत फेकायचा. सरांनी सांगितल्यावरून मी जिवंत माशांच्या पंखांचे तुकडे घेऊन डीएनए केला. मिशाळ आणि मातकट, एकच जात. शैलजाए नावाची जात कधी नव्हतीच. तो त्या जुन्या मातकट जातीचा नवरा होता.

"सर, हा मासा जगात दुसरं कुणी तपासत नाहीये," मी म्हटलं. ते खरं होतं. आणि मला काकूंची काळजी वाटत होती.

"मी तपासला ना," सर म्हणाले. "छापायला लागेल. पण आधी तिला सांगायला लागेल. तू रविवारी घरी ये. तुझ्यासमोर ती फार बोलणार नाही."

रविवारी काकू बिरड्यासाठी मोड आलेले वाल सोलत बसल्या होत्या. मीही सोलायला बसले. सरांनी उभ्यानेच सगळं सांगितलं, संमेलनात निबंध वाचावा तसं. काकूंचा हात थांबला नाही.

"पहिल्या तासाला पोरांना काय शिकवता?" त्यांनी विचारलं.

"आधी नर की मादी ते बघा."

"लोकां सांगे ब्रह्मज्ञान," काकू म्हणाल्या. "आणि मग स्वतः का नाही बघितलं?"

"घाई झाली."

"कसली घाई?"

"तू निघाली होतीस," सर म्हणाले.

वालाची सालं वाटीत पडत राहिली. मला उठून जावंसं वाटत होतं, पण मांडीवर वाल होते.

"म्हणजे मी खोट्या जातीसाठी थांबले. भूकंपातसुद्धा."

"हो."

"आता त्या नावाचं काय होणार?"

"पुसत नाहीत. जुन्या नावाच्या खाली, बारीक अक्षरात राहतं. मान्य नसलेलं म्हणून."

"सातबाऱ्यावर इतर हक्कात," काकू म्हणाल्या. सरांनी मान हलवली. "म्हणजे माझ्या नावावर काही राहिलं नाही."

"नाही," सर म्हणाले. खोटं बोलायची ही एवढी चांगली संधी होती, आणि त्या माणसाने ती घेतली नाही. मला त्यांचा इतका राग कधी आला नव्हता, आणि इतका आदरही.

काकूंनी ताट उचललं. "छापा तुम्ही. मासा चांगला आहे, नाव तेवढं चुकलंय. आणि माझं तिकीट काढा. आणि बरणी परत द्या."

बिरडं त्यांनी नेहमीसारखंच केलं. मला डबाही दिला.

निबंध छापून आला. छोटासाच होता, कर्णिक यांनी कर्णिक यांची चूक दाखवली आहे, असं थंडपणे लिहिलेला. मुख्य नमुना नियमातल्या बाटलीत गेला, कारण नाव मेलं तरी तो मासा कायम जपून ठेवायचा असतो. बरणी सरांनी स्वतः घासली. त्याच सुमारास संस्थेने त्यांना निवृत्तीनंतर दोन वर्षांची मुदतवाढ देऊ केली होती. आम्ही सगळे धरूनच चाललो होतो की काकू जातील आणि सर बाटल्यांबरोबर राहतील. एक दिवस त्यांच्या टेबलावर विमानाची तिकिटं दिसली. दोन होती.

"मुदतवाढ?" मी विचारलं.

"नको म्हणून कळवलं." ते भिंग पुसत होते. "मागच्या वेळी मासा देऊन थांबवलं. आता द्यायला काही उरलं नाही. तेव्हा मीच जातो."

"काकूंना सांगितलंत?"

"तिकिटावर नाव आहे ना," सर म्हणाले. "वाचेल."

पिल्लं ओकाबे-सानकडे गेली. धाकटी माझ्याकडे आली. कचरा कुठल्या दिवशी कुठला टाकायचा यावरून काकूंनी शेजारच्या आजींशी शेवटचा वाद घातला आणि दोघी एकमेकींच्या गळ्यात पडून रडल्या.

नारिता विमानतळाची बस सकाळची होती. स्टँडवर मी आणि काकू समोरच्या कोंबिनीत वाटेतलं खाणं घ्यायला गेलो. सरांना कितीदा म्हटलं चला, चहा घ्या. ते सामान सोडून हलायला तयार नव्हते. त्सुकुबात रस्त्यात पडलेलं पाकीटसुद्धा पोलीस चौकीत पोचतं. पण सरांनी चारी बाजूंना बॅगा लावल्या होत्या आणि मधल्या जागेत ते अंग चोरून बसले होते, मांडीवर लोणच्याची बरणी दोन्ही हातांनी धरून. वाऱ्याने पांढऱ्या मिशा हलत होत्या.

काकू कोंबिनीच्या दारात थांबल्या. बराच वेळ रस्त्यापलीकडे बघत राहिल्या.

"सकाळपासून खाल्लं नाहीये काही," त्या म्हणाल्या. मग माझा हात दाबला. "असू दे गं. एक नमुना आहे माझ्या नावावर. आणि हा नर आहे ते मी बघितलंय."

रस्ता ओलांडून त्या गेल्या, बॅगांच्या मधे वाकल्या आणि सरांच्या हातात ओनिगिरी ठेवली. सरांनी बरणी गुडघ्यांत घट्ट धरली, ओनिगिरी फोडली, चष्मा कपाळावर चढवून आत बघितलं.

"साल्मन," ते म्हणाले.

"खा," काकू म्हणाल्या.